मिनिटाला पावणेतीनशे जप

२ फेब्रुवारी, सकाळी ६.१५
नवी वही. नवी म्हणजे जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून शिवलेली. दोरा घट्ट बसलाय. संकल्प: रोज चारच ओळी. निंदा नाही. समोरच्या वकिलीणबाईंबद्दल तर अक्षर नाही.

त्यांनी नवे पडदे लावलेत. रंग तापातल्या माणसाच्या जिभेसारखा.

२ फेब्रुवारी, दुपारी
मागच्या गॅलरीतून खाडीपलीकडचं नवं रॉकेट दिसतं. आमच्या गल्लीतली सगळी घरं एकावर एक रचली तरी त्याच्या कमरेला लागायची नाहीत, असं हे म्हणाले. यांना रचायला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. नोकरीतून मोकळे झाल्यापासून यांची मोजमापं वाढलीत.

आमची चिऊ तिथेच नोकरीला. कुंपणाच्या आत क्वार्टर, महिन्यातून एकदा घरी. हुद्दा इंजिनियर. कागदावर तसं नाही, पण सांगताना तेच सोपं पडतं. तिच्या खात्यात काहीतरी चिकटवतात. काय ते सांगत नाही, गुप्ततेच्या कागदावर सही आहे. मीही खोदून विचारत नाही. फोनमागे एकदाच.

४ फेब्रुवारी
उद्या दुसरी टेस्ट. घरोघर नोटीस आली. सायरन वाजला की खिडक्या उघड्या ठेवा, काचेचं सामान जमिनीवर ठेवा, आकाशातून काही पडलं तर हात न लावता गेटवर कळवा. जाड, गुळगुळीत कागद. एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला पोरांच्या पुस्तकासारखी चित्रं. चित्रांची बाजू खळ लावून या वहीला चिकटवली. मजकुराखाली अर्धं पान कोरं आहे, तिथे जपाचा हिशेब मांडीन. लोक असले कागद फेकून देतात.

जानेवारीतल्या पहिल्या टेस्टला माझा जप जेमतेम दोनशे झाला होता, मध्ये दूधवाला आला. रॉकेट पाऊण मिनिटात खाडीत. मी कुणाला बोलले नाही. पण दूधवाल्याला कळायला हवं होतं.

उद्या पहाटे चारला उठणार.

५ फेब्रुवारी, सकाळी ११
सव्वापाचला उठले. घड्याळाची चूक.

तरी अकराशे जप केला. सायरन वाजला, खिडक्या उघडल्या, मी माळ घेऊन देवापुढे बसले. आधी जमीन हलली, मग आवाज आला. मांडणीवरची तीन झाकणं पडली, यांचा चष्मा पडला, हे तेवढे राहिले. रॉकेट चार मिनिटं छान गेलं आणि मग फुटलं.

नोटिशीवर मांडलं: दोनशेला पाऊण मिनिट, अकराशेला चार मिनिटं. मिनिटाला पावणेतीनशेचा भाव पडतो. पुरतं वर जायला नऊ मिनिटं लागतात, असं चिऊ मागे म्हणाली होती. नऊ गुणिले पावणेतीनशे, दोन हजार चारशे पंचाहत्तर. एवढं सोपं असताना तिथे हजार माणसं काय करतात?

६ फेब्रुवारी
मागच्या अंगणात कोरफडीच्या कुंडीत फरशीचा तुकडा सापडला. सहा कोनांचा, वरून काळा कुळकुळीत, मागून पांढरा, वजनाला पावासारखा. कोपऱ्यात बारीक आकडे, ४१७. मागे पिवळट डिंक, पार कडेपर्यंत, कुठे नखाएवढी जागा सोडलेली नाही. आणि त्या डिंकाला चिकटून पांढऱ्या रंगाचे पापुद्रे, जुन्या भिंतीचे निघतात तसे. कुणीतरी न्हाणीघर फोडून टाकून दिलेलं दिसतं. फेकणाऱ्याला कुंडी दिसली नाही, कोरफडीची दोन पानं मोडली.

हे म्हणाले, अगं, रॉकेटचं तर नसेल? मी म्हटलं, रॉकेट लोखंडाचं असतं, त्याला फरशी कोण बसवेल, आत मोरी आहे का? मॅट्रिकला शास्त्रात मला साठ गुण, यांना बावन्न. हे पेपरात तोंड घालून बसले. बावन्नवाल्यांनी तेच करावं.

७ फेब्रुवारी
तुकडा सोड्याच्या पाण्यात घातला. डिंक ढिम्म.

८ फेब्रुवारी
तारेची घासणी, यांचं जुनं ब्लेड, उकळतं पाणी. सकाळचे दोन तास, दुपारचा दीड. ज्याने हा डिंक लावला त्याच्या हाताला सोन्याचं कडं घालावं. हल्ली कोण इतकं मन लावून काम करतं? शेवटी निघाला. आकडेही गेले, बरंच झालं, घाण दिसत होते. आरशासारखी केली.

आजचा जप राहिला. उद्या दुप्पट.

९ फेब्रुवारी
फरशी पातेल्याखाली ठेवायला घेतली. काय गुण आहे! चुलीवरून उतरवलेलं दुधाचं पातेलं वर ठेवलं, खाली हात लावला, तर गार. ओटा जळत नाही, दूध तासभर गरम राहतं. वकिलीणबाईंनी असल्या कामासाठी बाजारातून नक्षीदार लाकडी अडणी आणली होती. महिन्यात चिरली. (ही निंदा नाही. माहिती.)

दुप्पट जप जमला नाही. पाहुणे आले.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी
चिऊचा फोन. चिऊ सस्पेंड.

रॉकेट उठतानाच त्याच्या अंगावरचा एक तुकडा निसटला. त्या रांगेच्या चिकटकामावर सही चिऊची. डिंक पुरता वाळू दिला नाही, असा आरोप. नोकरी जाईल, वर नावापुढे शेरा लागेल, म्हणजे या धंद्यात दुसरं कुठेही दार उघडणार नाही. चौकशी होईपर्यंत क्वार्टर सोडायचं नाही. मी विचारलं, तू वाळू दिला होतास ना? म्हणाली, आई, मी तिथे रात्रपाळीला खुर्ची टाकून बसले होते. मग म्हणाली, तो तुकडा मिळाला तर मागची बाजू बघून एका मिनिटात कळेल दोष कुणाचा, पण तो खाडीत गेला असणार. तुकडा कसा दिसतो विचारलं. सांगायची परवानगी नाही, फोन ऐकतात.

रडत नव्हती. ते जास्त वाईट.

एवढा मोठा लोखंडाचा पत्रा सापडत नाही म्हणजे काय? शोधणारे शोधत नसणार. आता मीच बघते.

१२ फेब्रुवारी
वकिलीणबाई सांत्वनाला. त्यांचा मुलगा तिथेच रंगखात्याचा मुख्य. म्हणाल्या, अहो ताई, आमचा सांगत होता, पोरी घाईच करतात हो, लक्ष कुठे असतं हल्ली? मी हसून म्हटलं, तुमच्या पडद्यांचा रंग छान आहे. त्या म्हणाल्या, मुलानेच निवडला. मी म्हटलं, वाटलंच.

दूध पातेल्यात गरम होतं, म्हणून चहा पटकन झाला. फरशीला हात लावून म्हणाल्या, कुठून आणलीत? मी म्हटलं, आमच्याकडे असतात अशा वस्तू.

१४ फेब्रुवारी
शोध समिती स्थापन. सभासद अकरा बायका, अध्यक्ष मी. कुणी सुचवलं नाही, पण कुणी हरकतही घेतली नाही. वकिलीणबाई स्वतःहून आल्या, टोपी घालून. खाडीचा काठ मी पट्टे पाडून वाटून दिला. सूचना: लोखंडी, वाकडं, जळकं, निदान परातीएवढं काहीही उचला.

तिथून घरी यायला दुपार झाली. हे म्हणाले, घरातही एकदा बघावं का? म्हटलं, घरात रॉकेट आहे का? यांची विनोदबुद्धी वेळ बघत नाही.

१६ फेब्रुवारी
तीन दिवसांचं फलित: छत्रीच्या काड्या सात, कुकरची शिट्टी एक, अर्धा बूट, गंजका बोल्ट (आशा होती, होडीचा निघाला). चार बायकांना ऊन लागलं. त्यांना घरी आणून गरम दूध दिलं, सगळ्यांनी फरशीचं कौतुक केलं. दोघींनी विचारलं, अजून मिळेल का? म्हटलं, डोळे उघडे ठेवावे लागतात.

१७ फेब्रुवारी, पहाटे
जप सहाशे. त्यातले एकशेआठ बाद.

कारण लिहायला हवं, नाहीतर हिशेब लागणार नाही. माळ ओढता ओढता मनात आलं, नोकरी गेली तर पोर घरी येईल. तिची खोली तशीच आहे. संध्याकाळी कुणीतरी बोलायला असेल, यांचं काय, तोंड पेपरात. पूर्ण एक माळ हाच विचार चालला होता आणि तोंडाने देवाचं नाव. देवाला काय कळायचं मी काय मागतेय? म्हणून तेवढी माळ रद्द. एकशेआठ वजा.

हे वाचायला कुणी नाही, ते एक बरं.

१९ फेब्रुवारी
चौकशीच्या साहेबांना पत्र लिहिलं. अध्यक्ष या नात्याने सूचना नऊ. पाचवी: तुमची माणसं पाणी बघून शोधतात, मन लावून शोधत नाहीत. आठवी: घराघरांत जाऊन विचारा, लोक हल्ली सापडलेली वस्तू सरळ घरात ठेवतात, लाज नसते. पत्र टाकायला हे गेले, यांचा तेवढा उपयोग.

२१ फेब्रुवारी, दुपारी १२
साहेब आले होते. खुद्द. आठवी सूचना पटली म्हणे, म्हणून घरोघर फिरतायत, सुरुवात अध्यक्षांकडून. बारीक मिशी, जाड चष्मा, चेहऱ्यावर बावळटपणा.

मी त्यांना शोध कसा करतात ते समजावलं. नकाशा दाखवला. कॉफीचं उकळतं भांडं आणून टेबलावर त्यांच्यासमोर फरशीवर ठेवलं. साहेब बोलता बोलता थांबले. भांड्याकडे बघत राहिले. वाटलं, कॉफी जास्त झाली. मग त्यांनी स्वतः भांडं उचलून बाजूला ठेवलं, फरशी दोन्ही हातांनी उचलली, तान्हं बाळ उचलावं तशी, आणि उलटी केली.

विचारलं, बाई, हिच्या मागे काय होतं?

मी म्हटलं, डिंक हो! दोन दिवस घासला, तेव्हा कुठे निघाला. बघा, आता तोंड दिसतं.

साहेब खाली बसले. खुर्ची नव्हती तिथे बसले.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी
लिहवत नाही. लिहिते.

तोच तुकडा. रॉकेटला फरशा असतात. हजारो. बाहेरून, आगीपासून वाचायला. आमची चिऊ त्याच चिकटवते. मॅट्रिकला साठ गुण.

साहेब म्हणाले, पुरावा मागच्या डिंकात होता. तो घासला गेला. कुणी घासला? जिच्यावर आरोप आहे तिच्या आईने. वरचे विचारणार, आईने मुद्दाम घासला का, मुलीने फोनवर सांगून घासायला लावला का. आता नुसता निष्काळजीपणा नाही, पुरावा नष्ट केल्याचा आळ. दोघींवर.

मी म्हटलं, अहो, मी सगळ्याच वस्तू घासते! साहेबांनी घरात नजर फिरवली. सगळं चकाकत होतं. म्हणाले, बाई, माझा विश्वास बसतो. कागदाचा बसत नाही.

हे काही बोलले नाहीत. सहा तारखेला रॉकेटचं तर नसेल असं म्हणाले होते, तेही म्हणाले नाहीत. पन्नास वर्षांत पहिल्यांदा वाटलं, बोलले असते तर बरं.

२२ फेब्रुवारी, सकाळी
दूध ओतू गेलं. पातेलं उतरवून ओट्यावर ठेवलं, रोजच्या सवयीने, खाली काही नाही. ओट्यावर काळा गोल उमटला.

हे म्हणाले, अगं, तू तर सगळं लिहून ठेवतेस. कुठल्या दिवशी सापडली, कशी होती, ते तुझ्या वहीत असेल.

आहे. सहा तारखेला. आकड्यासकट, डिंकासकट, पापुद्र्यांसकट. चिऊचा फोन आला अकराला. तिने सांगण्याच्या आधी तीन दिवस मी घासून बसले होते, हे या वहीत माझ्याच अक्षरात आहे.

आणि बाकीचंही आहे. जीभ. रंगखात्याचा मुलगा. बारीक मिशी, बावळटपणा. हे आणि यांचे बावन्न. एकशेआठ वजा.

मी म्हटलं, ही माझी खासगी वही आहे. हे म्हणाले, हो. आणि पेपर वाचत बसले. पान उलटं होतं.

२२ फेब्रुवारी, दुपारी
ठरवलं: फक्त सहा तारखेचं पान फाडून द्यायचं.

दोरा घट्ट. एक पान ओढलं की चार सैल होतात. शिवाय फाडलेलं पान कुणीही मागाहून लिहू शकतो, असं हे म्हणाले.

मग ठरवलं, नको त्या ओळींवर शाई फिरवायची. दौत उघडली. पहिल्या पानावर पडद्यांच्या ओळीवर पेन टेकवलं आणि हात थांबला. खोडलेलं बघून साहेब विचारणार, बाई, इथे काय होतं? आणि मी सांगणार, घासलं.

एकदा घासून बघितलंय. दौत बंद.

२३ फेब्रुवारी, सकाळी ९
वही द्यायला गेटवर निघालेय. शेवटची ओळ. साहेब, हे वाचत असाल तर मिशी तशी वाईट नाही.

२ मार्च, सुट्या कागदावर
वही अजून तिथेच आहे, शिक्का मारून. परत कधी, विचारलं तर म्हणाले, दहा वर्षं जपून ठेवावी लागते. वहीला नंबरही दिलाय.

काल गेटवरच्या ऑफिसात बोलावलं होतं. वहीच्या पानापानावर माझी सही, शेजारी चिऊची, माझ्या आधी येऊन करून गेलेली. म्हणजे तिने पानन् पान वाचलं. समिती पाच माणसांची, त्यांनीही वाचलं. ऑफिसातल्या टाइप करणाऱ्या मुलीने दोनदा, एकदा कामासाठी. नोटीस वहीपासून सोडवायला साहेबांना वाफ द्यावी लागली. मागच्या चित्रांत पहिलंच चित्र सहा कोनांचं, काळं. साहेब म्हणाले, बाई, तुमची खळ उत्तम आहे. मान वर करवेना.

निकाल: डिंक तुकड्याला कडेपर्यंत पक्का होता, रॉकेटच्या अंगाचा रंगच पापुद्र्यासारखा सुटला. दोष रंगखात्याचा. चिऊ कामावर रुजू. अहवालात माझं एक वाक्य आहे: सदर तुकड्याची घरगुती घासणीने हानी झाल्याने तपासणी अशक्य, सबब एका गृहिणीच्या नोंदीवर विसंबावे लागले. एवढंच. अध्यक्षपदाचा उल्लेख नाही.

वकिलीणबाईंची खिडकी बंद. पडदे उतरवलेत. वहीची प्रत रंगखात्यालाही गेलीय, त्यांच्या मुलाने पहिलं पान घरी तोंडपाठ म्हणून दाखवलं असणार.

तर, सह्या करत होते, सेहेचाळीस पानं, आणि सायरन वाजला. तिसरी टेस्ट कालच होती. माझ्या लक्षातच नव्हतं. माळ घरी. समोर सतरा तारखेचं पान उघडं, शेजारी चिऊची सही, नेहमीपेक्षा जरा तिरकी. काचा थरथरल्या, टेबल सरकलं, साहेब पळत बाहेर गेले, मी खुर्चीतच. नऊ मिनिटं बाहेर कुणी श्वास घेतला नाही. मग गेटवरचा शिपाईसुद्धा नाचला.

रॉकेट पुरतं वर गेलं. फरशी एक पडली नाही.

माझा जप त्या दिवशी शून्य. मी हिशेब पुन्हा मांडून बघितला, या खेपेला एका जपाला किती मिनिटं पडतात ते. नऊ भागिले शून्य. यांना विचारलं. हे म्हणाले, हा भागाकार होत नाही. बावन्न गुणांना हे ठाऊक होतं.

संध्याकाळी चिऊचा फोन आला. मी रॉकेटबद्दल बोलत राहिले. ती मध्येच म्हणाली, आई, सतरा तारखेचं वाचलं. मी म्हटलं, ती माळ बाद धरलीय, लिहिलंय तसं. ती म्हणाली, हो, वाचलं.  फोन ऐकणाऱ्यांनीही ऐकलं असेल. मग म्हणाली, रविवारी येते, आणि पातेल्याखाली ठेवायला बाजारातून काहीतरी आणते, तू काही शोधू नकोस.

ओट्यावरचा काळा गोल आठ दिवस घासतेय. सोडा, ब्लेड, तारेची घासणी. निघत नाही.